भाषा मॉडेल प्रणालीत आले, मराठीसाठी दार मात्र नाही

ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलेली आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून सर्वांना दिलेली मॅक संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमची मॅकओएस २६ ‘टाहो’ ही आवृत्ती गाजली ती मुख्यतः तिच्या काचेसारख्या अर्धपारदर्शक रूपामुळे. ते रूप काहींना आवडले, काहींना खटकले, आणि यथावकाश सर्वांनाच त्याची सवय होईल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी याच आवृत्तीत जे आले आहे त्याचा परिणाम मात्र रंगरूपापेक्षा पुष्कळ खोल जाणारा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी तो केवळ तंत्रज्ञांचा विषय समजून सोडून देऊ नये असे मला वाटते. ‘फाउंडेशन मॉडेल्स’ नावाच्या या सोयीमुळे एक भाषा मॉडेल, म्हणजे अफाट मजकुरावरून शिकून मजकूर समजणारा आणि लिहिणारा प्रोग्राम, मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे प्रणालीचा, अंगभूत भाग म्हणून कोणत्याही ॲपला वापरता येऊ लागले आहे.

ही सोय कशी चालते ते थोडे पाहायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सुमारे तीन अब्ज पॅरामीटरचे, म्हणजे शिकण्यातून ठरलेल्या आकड्यांचे, एक मॉडेल प्रणालीसोबत संगणकावर उतरते. प्रत्येक पॅरामीटर साधारण दोन बिटांत बसवलेला असल्याने एवढे मोठे मॉडेल पाऊण-एक गिगाबाइटच्या आसपास मावते. स्विफ्ट भाषेत ॲप लिहिणाऱ्याने दोन-तीन ओळी लिहिल्या की त्याला या मॉडेलकडून मजकुराचा सारांश काढून घेता येतो, एखाद्या लांबलचक पत्रातून नाव, तारीख आणि रक्कम वेगळी करून घेता येते किंवा आलेल्या निवेदनांची विषयवार विभागणी करून घेता येते. उत्तर मोकळ्या गद्यात न घेता आपण ठरवलेल्या साच्यातच मिळावे अशी व्यवस्था आहे, त्यामुळे ते थेट प्रोग्रामच्या पुढच्या पायरीत वापरता येते. मॉडेलला गरज पडली तर ते ॲपमधील एखादे फंक्शन स्वतः बोलावू शकते. यासाठी इंटरनेट लागत नाही, प्रत्येक वापरामागे पैसे मोजावे लागत नाहीत आणि वापरणाऱ्याचा मजकूर त्याच्या संगणकाबाहेर जात नाही.

प्रोग्रामरांना दिलेल्या सोयींमध्ये गेल्या कित्येक वर्षांत इतकी उपयोगी गोष्ट आली नव्हती, असे मी जबाबदारीने म्हणतो. दूरच्या सर्व्हरवर चालणारी मोठी मॉडेल्स हुशार असतात, पण त्यांचा आधार घेऊन छोटे, मोफत, वर्षानुवर्षे चालणारे सॉफ्टवेअर बनवता येत नाही. प्रत्येक प्रश्नाला पैसे पडतात, ते कोणीतरी भरावे लागतात, आणि जितके लोक ॲप वापरतील तितका बनवणाऱ्याचा तोटा वाढत जातो. एकट्याने काम करणारा प्रोग्रामर, एखादी शाळा, एखादे ग्रंथालय यांना ते परवडणारे नाही. शिवाय डॉक्टरांच्या नोंदी, वकिलाकडची कागदपत्रे किंवा समुपदेशकाची टिपणे यांसारखा मजकूर परक्या सर्व्हरवर पाठवणे मुळातच योग्य नाही. संगणकातच बसलेले मॉडेल या दोन्ही अडचणी एकदम दूर करते. म्हणून या सोयीला माझा विरोध नाही, आणि पुढे जे लिहिले आहे ते ती चांगली आहे म्हणूनच लिहिले आहे.

हे मॉडेल कोणत्या भाषांत काम करते याची यादी ठरलेली आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, चिनी, जपानी आणि कोरियन या भाषा आधीपासून होत्या. त्यांत डॅनिश, डच, नॉर्वेजियन, स्वीडिश, तुर्की आणि व्हिएतनामी यांची भर पडली. मराठी या यादीत नाही. हिंदी नाही, बंगाली नाही, तमिळ नाही. भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकही नाही. भारतासाठी म्हणून जे आहे ते भारतीय वळणाचे इंग्रजी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या वर होती. डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख आणि नॉर्वेची त्याहून थोडी कमी आहे. डॅनिश किंवा नॉर्वेजियन भाषकांना ही सोय मिळाली याचा मला आनंदच आहे. लहान भाषेलाही इतके चांगले साधन देता येते हे त्यामुळे सिद्ध होते. पण यादी बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, मॅक विकत घेणाऱ्यांच्या संख्येवर ठरते, हेही त्यातून तितकेच स्पष्ट होते.

यादीबाहेरच्या भाषेत मजकूर दिला तर काय होते? ही भाषा चालते का, हे आधी विचारून घेण्याची सोय प्रोग्रामरला दिलेली आहे, आणि न विचारता मजकूर पाठवला तर ‘असमर्थित भाषा’ अशा अर्थाची त्रुटी परत येऊ शकते. दुसरीकडे, मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे ओळखणारी व्यवस्था मॅकमध्ये २०१८ पासून आहे आणि तिच्या यादीत मराठी आहे. म्हणजे समोरचा मजकूर मराठी आहे एवढे प्रणालीला कळू शकते, त्यापुढे त्या मजकुराचे काय करायचे याचे साधन तिच्याकडे नाही.

मॉडेलने आडून आडून थोडेफार मराठी शिकलेले असेल, त्यावर काम भागवता येईल, असा विचार काही जण करतात. तो पुरेसा नाही. भाषा मॉडेल मजकूर अक्षर-अक्षर वाचत नाही. ते तो टोकन नावाच्या तुकड्यांत तोडते, आणि हे तुकडे मॉडेल घडवताना ज्या भाषांचा मजकूर भरपूर वापरला त्या भाषांना सोयीचे असतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात दहा चिन्हांचा आहे आणि संगणकाच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तो ३० बाइट घेतो. रोमन लिपीत तोच शब्द ११ बाइटमध्ये बसतो. ज्या मॉडेलच्या तुकड्यांच्या संचात देवनागरी शब्दांना जागाच दिलेली नाही, तिथे मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजी वाक्यापेक्षा कितीतरी अधिक पडतात. या मॉडेलची मर्यादा प्रश्न आणि उत्तर मिळून ४,०९६ टोकनांची आहे. इंग्रजीत जिथे काही पानांचा मजकूर मावतो तिथे मराठीत त्याचा लहानसा अंशच मावेल, आणि एवढे करून येणारे उत्तर भरवशाचे नसेल ते वेगळेच.

मॅक महाराष्ट्रात आहेतच किती, असा प्रश्न इथे कोणी विचारला तर तो रास्त आहे. शासकीय कार्यालयांत, शाळांत, छापखान्यांबाहेरच्या बहुतेक व्यवसायांत विंडोज चालते. पण दिशा दोन्हीकडे एकच आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ वर्गातील संगणकांची घोषणा केली, त्यांत सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा प्रक्रियक असण्याची अट घातली, आणि त्यावर चालणारे ‘फाय सिलिका’ हे छोटे मॉडेल विंडोजचा भाग म्हणून प्रोग्रामरांपुढे ठेवले. आज फाँट, छपाई आणि स्पेलिंग तपासणे जसे प्रणालीकडून गृहीत धरले जाते, तसेच येत्या काही वर्षांत मजकूर समजणे हेही गृहीत धरले जाईल. मग सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस ते गृहीत धरूनच रचना करील. ज्या भाषेसाठी ते गृहीत धरता येत नाही, त्या भाषेतली आवृत्ती अपुरी राहील किंवा निघणारच नाही. मेनूवरचे शब्द मराठीत असणे ही गोष्ट यापुढे पुरेशी ठरणार नाही.

तळाच्या थरात भाषेला जागा मिळायला उशीर झाला की काय होते, हे मराठीने एकदा भोगले आहे. ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतपद्धती १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय भाषा संगणकावर आणल्या, ते काम खरोखर मोठे होते. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. पण लोकांच्या टेबलावरच्या प्रणालीला देवनागरी जोडाक्षरे स्वतःहून मांडता येऊ लागली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ फाँटसह. मधल्या काळात प्रकाशकांनी, वृत्तपत्रांनी आणि कार्यालयांनी आपापली वाट शोधली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट आले, प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, आणि एका फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा नुसता कचरा. ती सॉफ्टवेअरे नसती तर मराठी छपाई अडली असती, त्यामुळे ती बनवणाऱ्यांना दोष देता येणार नाही. तरीही त्या वर्षांत टंकलिखित झालेला अफाट मराठी मजकूर आज रूपांतर केल्याशिवाय शोधता येत नाही, आणि भाषा मॉडेल घडवण्यासाठी नेमका तसाच मजकूर लागतो. तेव्हाच्या उशिराची किंमत आपण अजून देतो आहोत.

मानकात जागा मिळाल्यावरही बारकावे मागून येत राहिले. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक दाखवणारा रफार आणि अर्धा ऱ् वेगळा ठेवणे ही मराठीची गरज आहे, हिंदीची नाही. त्यामुळे हिंदी नजरेसमोर ठेवून बनवलेल्या फाँटमध्ये आणि कळफलकांत तो कसा मिळवायचा हे लोकांना वर्षानुवर्षे सापडत नसे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ अजूनही फाँटगणिक मिळतो किंवा मिळत नाही. भाषा मॉडेलच्या बाबतीतही हेच होणार. उद्या यादीत हिंदी आली म्हणजे देवनागरी आली आणि देवनागरी आली म्हणजे मराठी आली, असे मानले जाण्याचा धोका आहे. तीन लिंगांची, विभक्तीप्रत्ययाआधी सामान्यरूप घेणारी आणि एकामागोमाग एक प्रत्यय-शब्दयोगी अव्यये जोडत जाणारी मराठी त्या मापात बसत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. फाँट, कळफलक आणि शुद्धलेखन या जुन्या तिन्ही थरांत कंपनीने दिले नाही तर इतरांना देता येत होते. मॅकवर वापरकर्त्याच्या लायब्ररी फोल्डरमध्ये फाँट टाकला की तो प्रत्येक ॲपला मिळतो. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फाँट उपलब्ध करून दिले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाने ‘मुक्ता’ मुक्त परवान्याखाली दिला, रेड हॅटने ‘लोहित’ दिला; त्यांपैकी एकासाठीही ॲपलची किंवा मायक्रोसॉफ्टची परवानगी मागावी लागली नाही. कळफलकाची मांडणी आवडली नाही तर स्वतःची बनवून त्याच फोल्डरमध्ये ठेवता येते. विंडोजसाठी तर अशी मांडणी करण्याचे साधन मायक्रोसॉफ्टनेच मोफत दिले होते. शुद्धलेखनासाठी मॅक २००९ पासून ‘हनस्पेल’ या मुक्त शुद्धलेखन तपासनिसाच्या पद्धतीच्या शब्दसूची स्वीकारतो. हनस्पेल मुळात हंगेरियन भाषेसाठी घडले, तिथे एका नामाला प्रत्ययांची मोठी रांग लागते, आणि म्हणूनच ‘घर, घरात, घरातला, घरातल्यांनाही’ अशी रूपे घेणाऱ्या मराठीलाही ते जमते. कोणा हंगेरियन माणसाने आपल्या भाषेसाठी केलेले काम मराठी स्वयंसेवकांना वापरता आले ते प्रणालीने त्यासाठी दार उघडे ठेवले होते म्हणून.

नव्या थरात असे दार नाही. फाउंडेशन मॉडेल्समध्ये प्रणालीचे एकच मॉडेल आहे, आणि एखाद्या भाषेसाठी दुसरे मॉडेल बसवून ‘मराठी मजकूर आला की याच्याकडे पाठव’ असे प्रणालीला सांगण्याची जागा तिच्यात नाही. मराठीला यादीतून वगळणे ही आजची गैरसोय आहे, कदाचित एक-दोन वर्षांत दूरही होईल. पण यादीत भर घालण्याचा अधिकार फक्त कंपनीकडे असणे ही रचनेतली त्रुटी आहे आणि ती आपोआप दूर होणार नाही. म्हणून ‘मराठीचा समावेश करा’ या मागणीच्या बरोबरीने, किंबहुना तिच्याही आधी, ‘भाषेचे मॉडेल बाहेरून बसवता येईल अशी जागा प्रणालीत ठेवा’ अशी मागणी करायला हवी.

असे करणे अशक्य आहे का? त्याच कंपनीने त्याच वर्षी ते केले आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. प्रोग्रामरांसाठीच्या एक्सकोड २६ मध्ये कोड लिहायला मदत करणारा सहायक आला, आणि त्यामागे कोणते मॉडेल असावे हे प्रोग्रामरला ठरवता येते: चॅटजीपीटी जोडता येते, दुसऱ्या कंपनीचे मॉडेल स्वतःची किल्ली देऊन जोडता येते, स्वतःच्या मॅकवर चालणारे मुक्त मॉडेलही जोडता येते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्या कामाचे मॉडेल निवडू द्यावे हे ज्यांना पटले, त्यांना तो प्रोग्राम वापरणाऱ्याला आपल्या भाषेचे मॉडेल निवडू द्यावे हे पटवणे फार कठीण नसावे. ॲपने हाक मारण्याची पद्धत आहे तशीच राहील. प्रणाली मजकुराची भाषा पाहील, अंगभूत मॉडेलला ती येत नसेल तर वापरकर्त्याने बसवलेल्या मॉडेलकडे काम सोपवील आणि उत्तर त्याच साच्यात परत देईल. ॲप लिहिणाऱ्याला मराठीचे नावही घ्यावे लागणार नाही. ओस्लोमधल्या कोणी तरी नॉर्वेजियनसाठी बनवलेले टिपणवहीचे ॲप सांगलीत मराठी टिपणांचा सारांश काढू शकेल.

आजही प्रोग्रामर स्वतःचे मॉडेल आपल्या ॲपमध्ये घालू शकतो, त्यासाठी ॲपलनेच साधने दिली आहेत, मग वेगळ्या जागेची गरज काय, असा आक्षेप येईल. गरज जागेच्या आणि मेमरीच्या हिशेबात आहे. दोन अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांत बसवले तरी एक गिगाबाइट होते. पाच मराठी ॲपनी आपापले मॉडेल आणले तर पाच गिगाबाइट डिस्कवर जातात, आणि दोन-तीन ॲप एकदम उघडी असली की आठ गिगाबाइट मेमरीच्या जुन्या एम-१ मॅकवर दुसरे काही चालणे कठीण होते. इंग्रजी ॲप मात्र काही किलोबाइट कोडमध्ये तेच काम करतील. फरक प्रोग्रामरच्या कौशल्याचा नसून प्रणालीने कोणाचे ओझे उचलले याचा आहे, आणि छोट्या भाषेत सॉफ्टवेअर करणाऱ्यावर तो दर वेळी अधिक भार टाकतो.

ॲपलने ‘ॲडॉप्टर’ नावाची एक वाटही ठेवली आहे: मूळ मॉडेल तसेच ठेवून त्यावर सुमारे १६० मेगाबाइटचा जोड घडवायचा. एखाद्या विशिष्ट कामासाठी, ठरावीक शैलीसाठी ती उपयोगी आहे. पण मूळ मॉडेलला जी भाषा धड येत नाही ती अशा लहान जोडातून शिकवणे शक्य नाही, कारण तुकड्यांचा संच मूळ मॉडेलचाच राहतो. त्यातून प्रणालीचे मॉडेल बदलले की जोड नव्याने घडवावा लागतो आणि तो लोकांपर्यंत पोचवायला कंपनीची खास मंजुरी लागते. स्वयंसेवकांनी चालवायच्या कामाला हा रस्ता झेपणारा नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. अंगभूत मॉडेलला घातक किंवा अश्लील उत्तरांपासून रोखणाऱ्या चौकटी कंपनीने बसवलेल्या आहेत. बाहेरून आलेल्या मॉडेलला त्या नसतील, आणि मराठीत औषधाचे चुकीचे प्रमाण सांगणारे मॉडेल इंग्रजीतल्या तशाच मॉडेलइतकेच धोकादायक असेल. बाहेरचे मॉडेल लोकांचा मजकूर गुपचूप कुठे पाठवील ही भीतीही खरी आहे. पण या अडचणी नव्या नाहीत. आयफोनवर २०१४ मध्ये इतरांचे कळफलक येऊ दिले गेले तेव्हा, टंकलेला प्रत्येक शब्द पाहू शकणारे साधन परक्याच्या हाती जात होते. त्यावर उपाय म्हणून वापरकर्त्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कळफलकाला नेटवर्क वापरता येणार नाही असा नियम केला गेला. भाषा मॉडेलसाठी नियम आणखी कडक करता येईल: नेटवर्कला पूर्ण बंदी, फाइलींना हात लावण्यास बंदी, फक्त मजकूर घेणे आणि मजकूर देणे. ॲपला उत्तर कोणत्या मॉडेलकडून आले हे कळावे आणि वैद्यकीय ॲपने हवे तर बाहेरचे मॉडेल नाकारावे. एवढ्या अटी घालूनही ते दार उपयोगाचे राहील.

त्या दारातून आत यायला मराठी मॉडेल तयार आहे का? पूर्ण तयार आहे असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, पण पाया निश्चित आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वम या भारतीय कंपनीने दोन अब्ज पॅरामीटरचे ‘सर्वम-१’ मॉडेल खुले केले. ते मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी आहे आणि भारतीय लिप्यांचे तुकडे कमी पडावेत हे लक्षात घेऊन घडवलेले आहे; आकाराने ते ॲपलच्या मॉडेलपेक्षा लहान आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसाठी ‘महाबर्ट’ हे मॉडेल आणि मराठी मजकुराचे संच प्रसिद्ध केले आहेत. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत या केंद्राने २२ भाषांमधील भाषांतराचे मॉडेल २०२३ मध्ये खुले केले. हे सगळे आज प्रयोगशाळेत, शोधनिबंधांत आणि तंत्रज्ञांच्या संगणकांवर आहे. नाशिकच्या शिक्षिकेच्या लिहिण्याच्या ॲपपर्यंत ते पोचत नाही, कारण मधला रस्ता प्रणालीतून जातो.

कंपन्या हे आपणहून करतील अशी आशा धरून बसण्याची गरज नाही, कारण भारताने असा आग्रह यापूर्वी यशस्वीपणे धरलेला आहे. आयएस १६३३३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाने मोबाइल फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे अशी अट घातली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिच्या सक्तीची अधिसूचना काढली आणि मुदतवाढीनंतर ती अमलात आली. फोनसाठी जे झाले त्याची पुढची पायरी डेस्कटॉपवर आणि लॅपटॉपवर घेता येईल. भाषा समजणारी सोय प्रणालीचा भाग म्हणून विकली जात असेल तर एकतर तीत अनुसूचित भाषा असाव्यात, नाहीतर इतरांनी घडवलेले मॉडेल तिच्या जागी बसवता यावे, असे त्या अटीचे स्वरूप असू शकते. यात कोणत्याही कंपनीला अमुकच मॉडेल वापरा असे सांगितलेले नाही.

महाराष्ट्र शासनाच्या हाती खरेदीचे सामर्थ्य आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठी भाषा धोरणाला मंजुरी दिली, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शासकीय निधीतून घेतल्या जाणाऱ्या संगणकांच्या कळफलकांवर रोमनबरोबर देवनागरी अक्षरे असावीत असा निर्णय काढला. कळफलकावर अक्षरे छापलेली असणे चांगलेच आहे. पण त्या कळांमधून आत गेलेल्या मराठी मजकुराचे संगणक पुढे काय करू शकतो, हा प्रश्न खरेदीच्या अटींत अजून आलेला नाही. तालुक्याच्या कार्यालयात येणारे अर्ज विषयवार लावणे, पन्नास पानांच्या टिप्पणीचा सारांश काढणे, जुन्या नस्तीतून गट क्रमांक शोधणे ही कामे संगणकातल्या संगणकात, नागरिकांचा मजकूर बाहेर न पाठवता व्हायला हवी असतील, तर निविदेत तसे लिहावे लागेल. हजारो संगणकांची मागणी करणाऱ्या ग्राहकाने लिहिलेले एक कलम विक्रेत्यांना ऐकावे लागते. एकट्या वापरकर्त्याने पाठवलेल्या सूचनेला तेवढे वजन नसते.

शासनाने करण्यासारखे दुसरे काम अधिक सोपे आणि अधिक आपल्या अखत्यारीतले आहे. मॉडेल घडवायला चांगला, शुद्ध, विविध विषयांवरचा मराठी मजकूर लागतो आणि तो शासनाकडे आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आहेत, बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत, साहित्य संस्कृती मंडळाची प्रकाशने आहेत, विधिमंडळातील चर्चांची इतिवृत्ते आहेत, दशकांचे शासन निर्णय आहेत. यातले पुष्कळ संकेतस्थळांवर वाचायला मिळते, पण वाचायला मिळणे आणि वापरायला मिळणे यांत अंतर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शासकीय ग्रंथांचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो. कायद्यांचा मजकूर, राजपत्र आणि न्यायनिर्णय यांसारख्या गोष्टींना कलम ५२ ने सूट दिली आहे, विश्वकोशातील नोंदींना किंवा पाठ्यपुस्तकांना नाही. स्वतःच्या मालकीच्या मजकुराला मुक्त परवाना देण्यासाठी शासनाला कोणत्याही कंपनीची वाट पाहावी लागत नाही. त्यासोबत मूळ युनिकोड मजकूरही द्यावा लागेल, कारण पीडीएफमधून देवनागरी उचलायला गेले की वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे जागा सोडतात आणि असा मोडका मजकूर मॉडेलला मोडकेच मराठी शिकवतो.

यादीत मराठी येण्याची वाट पाहणे आणि दाराची मागणी करणे यांतला फरक मराठीच्या आसपासच्या भाषांकडे पाहिल्यावर अधिक ठळक होतो. मराठीचा क्रमांक केव्हातरी लागेल; आठ कोटींच्या बाजारपेठेकडे कोणी कायम पाठ फिरवत नाही. गोव्याची राजभाषा असलेल्या कोकणीचा क्रमांक कधी लागेल हे सांगता येत नाही. खानदेशातल्या अहिराणीचा किंवा विदर्भातल्या गोंडीचा तर कोणत्याही कंपनीच्या विक्रीच्या तक्त्यावर कधीच लागणार नाही. मात्र जळगावच्या एखाद्या महाविद्यालयातील मराठीचे प्राध्यापक, लोकगीते जमवणारे दोन-चार अभ्यासक आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी यांनी मिळून एखाद्या खुल्या मराठी मॉडेलला अहिराणीचा मजकूर शिकवणे आजच्या साधनांनी शक्य आहे. ते काम झाल्यावर तो परिणाम प्रत्येक ॲपमध्ये दिसावा यासाठी त्यांना प्रणालीत एक फोल्डर हवे आहे, जसे फाँटसाठी आहे, कळफलकासाठी आहे आणि शब्दसूचीसाठी आहे.